नॅनोफ्लुइडची थर्मल कंडक्टिव्हिटी मोजायची कशी आणि आलेल्या आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा

पाण्यात ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) नॅनोकण व्हॉल्यूमने १ टक्का टाकले तर त्या मिश्रणाची, म्हणजे नॅनोफ्लुइडची, थर्मल कंडक्टिव्हिटी (उष्णता वाहून नेण्याची क्षमता) साधारण ३ टक्क्यांनी वाढते. आणि काहीच न टाकता साधं पाणी २० डिग्रीवरून ३० डिग्रीला नेलं तर त्याची कंडक्टिव्हिटी ०.५९८ वरून ०.६१५ वॅट प्रति मीटर केल्विनवर जाते, म्हणजे तीही जवळपास ३ टक्केच वाढ. आता विचार करा, तुमच्या पाण्याचं रीडिंग सकाळी घेतलं आणि नॅनोफ्लुइडचं दुपारी घेतलं, मध्ये खोली तीनचार डिग्रीने तापली, तर तुम्ही जी वाढ वाढ म्हणून ग्राफवर दाखवताय त्यातला एक तृतीयांश भाग नुसता उन्हाचा आहे, कणांचा त्यात काही हात नाही.

म्हणून या कामात कण कुठले घ्यायचे यापेक्षा मोजायचं कसं याकडे जास्त लक्ष द्यायला लागतं, आणि नवीन माणूस नेमकं उलटं करतो, सगळा जीव पावडर निवडण्यात घालतो आणि मोजणी शेवटच्या दोन दिवसांत उरकतो. मी इथे सगळं क्रमाने सांगतो, पण जिथे चुका जास्त होतात तिथे जरा जास्त वेळ थांबणार आहे.

थोडी पार्श्वभूमी आधी. नॅनोफ्लुइड हे नाव अमेरिकेतल्या अर्गोन नॅशनल लॅबोरेटरीतल्या स्टीफन चोई यांनी १९९५ मध्ये दिलं. कल्पना सोपी होती, धातू आणि ऑक्साइड उष्णता द्रवापेक्षा कितीतरी पट चांगली वाहून नेतात, मग त्यांचे एकदम बारीक कण द्रवात तरंगत ठेवले तर द्रवही जास्त उष्णता नेईल. २००१ मध्ये दोन आकडे आले ज्यांनी सगळं जग हललं: इथिलिन ग्लायकॉलमध्ये फक्त ०.३ टक्के तांब्याचे कण टाकून ४० टक्के वाढ, आणि तेलात १ टक्का कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिबारीक नळ्या) टाकून १६० टक्के वाढ. मिश्रणाची कंडक्टिव्हिटी काढायच्या मॅक्सवेलच्या जुन्या सूत्राने ०.३ टक्के गोल कणांना जेमतेम १ टक्का वाढ यायला हवी. मग ब्राउनियन मोशनमुळे, म्हणजे द्रवातल्या कणांच्या सततच्या थरथरीमुळे होतं, कणाभोवती द्रवाचा शिस्तबद्ध थर बसतो म्हणून होतं, अशा थिअरींचा पाऊस पडला. २००९ मध्ये तीसच्या वर संस्थांनी मिळून तेच सॅंपल वेगवेगळ्या पद्धतींनी मोजले, आणि निकाल असा की बहुतेकांचे आकडे एकमेकांच्या जवळ आले आणि ते जुन्या थिअरीशी छान जुळले, त्या सॅंपलमध्ये चमत्कारिक वाढ काही दिसली नाही. हे डोक्यात ठेवून कामाला लागा.

सॅंपल बनवणं

व्हॉल्यूम टक्के आणि वजनाचे टक्के यांची गल्लत सगळ्यात आधी मिटवा. ॲल्युमिनाची घनता ३.९७ ग्रॅम प्रति सीसी धरली तर १०० मिली नॅनोफ्लुइडमध्ये १ टक्का व्हॉल्यूम म्हणजे १ मिली घन ॲल्युमिना, म्हणजे ३.९७ ग्रॅम, आणि ९९ मिली पाणी. वजनाने हे जवळपास ३.९ टक्के होतं. तांब्याचं असेल तर १ टक्का व्हॉल्यूम म्हणजे वजनाने ८ टक्क्यांच्या वर. पेपर वाचताना कोणता टक्का आहे ते न बघता तुलना केली की सगळंच चुकतं. पावडरची फेज (स्फटिकाची रचना) पण बघा, गॅमा ॲल्युमिनाची घनता अल्फापेक्षा कमी असते.

पावडर बाटलीतून काढून तशीच तोलू नका. ३० नॅनोमीटरच्या कणांचा पृष्ठभाग ग्रॅमला साधारण ५० चौरस मीटर पडतो आणि एवढ्या पृष्ठभागावर हवेतली ओल चिकटून बसते, मग तुम्ही तोललेल्या ४ ग्रॅममध्ये पाणीही असतं. काही तास ११०-१२० डिग्रीला ओव्हनमध्ये सुकवा, डेसिकेटरमध्ये गार करा, मग तोला. आणि हे सगळं फ्यूम हूडमध्ये, चांगला मास्क आणि ग्लोव्ह्ज घालून, कारण कोरडी नॅनोपावडर हवेत उडते आणि थेट फुप्फुसात खोलवर जाते. एकदा पाण्यात गेली की धोका बराच कमी होतो, त्यामुळे कोरड्या अवस्थेतला वेळ जितका कमी तितकं बरं.

पाणी डीआयच (डीआयोनाइज्ड, क्षार काढलेलं) घ्या, नळाचं नको. नळाच्या पाण्यातले क्षार कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारं विजेचं आवरण दाबून टाकतात आणि मग कण एकमेकांना चिकटतात. पीएचचंही तेच आहे. ॲल्युमिनाचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट पीएच ९ च्या आसपास असतो, तिथे कणांवर चार्जच नसतो म्हणून गुठळ्या लगेच होतात, त्यामुळे थोडंसं पातळ नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून पीएच ४-५ ला आणा. सिलिकाचा हाच पॉइंट पीएच २ च्या जवळ, टायटॅनियाचा ६ च्या जवळपास, म्हणजे एकाची रेसिपी दुसऱ्याला चालत नाही. आणि ॲसिडही जपून, जास्त ओतलं तर आयन वाढतात आणि पुन्हा तेच, गुठळ्या. झीटा पोटेन्शियल, म्हणजे कणांभोवतीच्या चार्जचं माप, मोजायची सोय असेल तर अधिक किंवा उणे ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे असलं की सॅंपल ठीक टिकेल असं समजा.

सर्फॅक्टंट, म्हणजे कणांवर बसून त्यांना वेगळं ठेवणारा पदार्थ, घालावा का? पीएचने काम भागत असेल तर मी तरी घालणार नाही. एसडीबीएस, सीटॅब, पीव्हीपी, गम अरेबिक हे सगळे चालतात, पण फेस येतो, बुडबुडे अडकतात, साधारण ६० डिग्रीच्या वर बऱ्याच सर्फॅक्टंटची पकड सुटते, आणि शिवाय सर्फॅक्टंट स्वतः बेस फ्लुइडची (मूळ द्रवाची) कंडक्टिव्हिटी बदलतो. कार्बन नॅनोट्यूब पाण्यात टाकायच्या असतील तर मात्र तो किंवा पृष्ठभागाची रासायनिक ट्रीटमेंट, दोन्हीपैकी एक लागतंच, त्या नुसत्या पाण्यात राहतच नाहीत.

मग सोनिकेशन, म्हणजे अल्ट्रासाउंडने गुठळ्या फोडणं. बाथ सोनिकेटर कमजोर पडतो, प्रोब सोनिकेटर घ्या, पल्स मोडवर ठेवा आणि बीकर बर्फात बसवा, नाहीतर पाणी तापून उडतं आणि तुमचा १ टक्का कधी १.१ टक्का झाला ते कळतही नाही. आधी आणि नंतर बीकरचं वजन करा, जेवढं पाणी गेलं तेवढं परत घाला. प्रोबची टायटॅनियमची टिप झिजते आणि तिचे कण सॅंपलमध्ये येतात हेही लक्षात असू द्या. नॅनोट्यूब असतील तर जास्त वेळ सोनिकेट करू नका, त्या तुटून आखूड होतात, आणि त्यांची सगळी ताकद लांबीत आहे.

बाटलीवर ३० नॅनोमीटर लिहिलंय म्हणून द्रवातही ३० आहे असं नसतं. तो एका कणाचा आकार झाला, पाण्यात त्यांच्या १५०-२०० नॅनोमीटरच्या गुठळ्या सर्रास असतात. डीएलएसने (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढायची पद्धत) द्रवातला आकार मोजा आणि तोच रिपोर्ट करा. याचं महत्त्व कण किती वेगाने खाली बसतो ते सांगणाऱ्या स्टोक्सच्या सूत्राने लगेच कळतं: १०० नॅनोमीटरचा ॲल्युमिनाचा कण पाण्यात दिवसाला साधारण दीड मिलिमीटर खाली जातो, आणि १ मायक्रॉनची गुठळी दिवसाला साधारण १५ सेंटिमीटर, कारण वेग आकाराच्या वर्गाने वाढतो. म्हणजे एका सॅंपलमध्ये आठवडाभर काही दिसत नाही आणि दुसऱ्यात संध्याकाळपर्यंत तळाला साका बसलेला असतो, रंग वरून दोघांचा सारखाच. प्रत्येक सॅंपलचा थोडा भाग पारदर्शक नळीत न हलवता ठेवून द्या आणि ठराविक वेळाने फोटो काढत जा, यासाठी खर्च काहीच नाही आणि नंतर खूप भांडणं मिटतात.

कोरा नमुना

हे छोटं वाटतं पण विसरू नका. तुलना नुसत्या पाण्याशी करायची नाही, तर तेच पाणी, तोच पीएच, तोच सर्फॅक्टंट तेवढाच, तेवढाच वेळ सोनिकेट केलेलं, फक्त कण नाहीत अशा नमुन्याशी करायची. आणि पाण्याच्या पुस्तकातल्या आकड्याने (२५ डिग्रीला ०.६०७) तर भागायचंच नाही. तुमच्या सेटअपमध्ये जी काही चूक आहे, वायरची लांबी थोडी चुकीची मोजलीय, पॉवरचं कॅलिब्रेशन जरा हललंय, ती दोन्ही रीडिंगमध्ये सारखी असते आणि गुणोत्तर काढलं की बरीचशी उडून जाते. वेगवेगळ्या उपकरणांवरचे आकडे घेतले आणि प्रत्येकात २ टक्के अनिश्चितता असली तर गुणोत्तरात ती २.८ टक्के होते, म्हणजे जी वाढ शोधायचीय तेवढीच.

हॉट वायर

मोजायच्या पद्धती बऱ्याच आहेत, ट्रान्झिएंट प्लेन सोर्स, थ्री ओमेगा, स्टेडी स्टेटच्या प्लेट्स, पण द्रवासाठी ट्रान्झिएंट हॉट वायर समजून घेतली की बाकीच्यांच्या अडचणीही कळतात म्हणून तिच्याबद्दल नीट बोलू.

तत्त्व असं की एक पातळ प्लॅटिनमची तार द्रवात उभी ताणून बसवायची, तिच्यातून अचानक स्थिर करंट सोडायचा, तार तापते, आणि ती किती वेगाने तापते ते बघायचं. द्रव उष्णता चांगली ओढून नेत असेल तर तार कमी तापेल. तारच थर्मामीटर पण आहे, कारण प्लॅटिनमचा रेझिस्टन्स डिग्रीला साधारण ०.३९ टक्के वाढतो. तापमानवाढ वेळेच्या नॅचरल लॉगविरुद्ध काढली की सरळ रेषा येते आणि कंडक्टिव्हिटी म्हणजे तारेच्या दर मीटरला दिलेली पॉवर भागिले ४ गुणिले पाय गुणिले त्या रेषेचा उतार. बस, एवढंच सूत्र.

आता आकडे घालून बघा म्हणजे काम किती नाजूक आहे ते कळेल. ५० मायक्रॉन जाडीची १० सेंटिमीटर तार, रेझिस्टन्स साधारण ५.४ ओहम. मीटरला १ वॅट द्यायचा तर करंट येतो ०.१४ ॲम्पियरच्या जवळ. पाण्यात ०.१ सेकंदापासून १ सेकंदापर्यंत तार किती तापते? फक्त ०.३ डिग्री. तेवढ्याने रेझिस्टन्स बदलतो ०.००६४ ओहम आणि व्होल्टेज बदलतं ०.९ मिलिव्होल्टपेक्षाही कमी. यात १ टक्का अचूकता हवी असेल तर ९ मायक्रोव्होल्ट ओळखता आले पाहिजेत, आणि ॲल्युमिनाचा सगळा परिणाम मिळून २५ मायक्रोव्होल्टचा आहे! म्हणून ब्रिज सर्किट लागतं, चांगला ॲम्प्लिफायर लागतो, शील्ड केलेल्या केबल लागतात, आणि टेबलावर बाजूला मोटर चालू नसावी लागते. पॉवर वाढवून सिग्नल वाढवू असं मनात येतं पण मग कन्व्हेक्शन (गरम द्रव वर सरकणं) लवकर सुरू होतं, त्यामुळे ती सोय मर्यादितच आहे.

तार उघडी ठेवू नका. पाण्यातलं नॅनोफ्लुइड वीज वाहतं, विशेषतः ॲसिड घातलेलं, मग करंट तारेतून जाण्याऐवजी थोडा द्रवातून गळतो आणि तारेवर पोलरायझेशन होतं, रीडिंग भरकटतं. यासाठी १९८१ मध्ये नागासाका आणि नागाशिमा यांनी तारेवर पातळ इन्सुलेशनचा थर द्यायची पद्धत दाखवली. आज टेफ्लॉन कोटिंगची प्लॅटिनम तार किंवा ऑक्साइडचा थर चढवलेली टँटलमची तार वापरतात. कोटिंगमुळे सुरुवातीचा काही वेळ ग्राफ वाकडा येतो, तो भाग सोडून द्यायचा.

आता खिडकी निवडणं, म्हणजे लॉग ग्राफचा नेमका कुठला तुकडा घेऊन उतार काढायचा, इथेच प्रामाणिकपणाची परीक्षा असते असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवातीचा भाग वाकडा असतो कारण तार आणि कोटिंग स्वतः उष्णता खातात. शेवटचा भाग वाकडा असतो कारण गरम द्रव हलका होऊन वर सरकायला लागतो, म्हणजे कन्व्हेक्शन. मधला सरळ तुकडा घ्यायचा, पण तो प्रत्येक सॅंपलला वेगळा निवडला तर हवा तो आकडा काढता येतो. खिडकी एकदा पाण्यावर ठरवा, लिहून ठेवा, आणि सगळ्या सॅंपलला तीच लावा. रेषेपासून प्रत्येक बिंदू किती वरखाली आहे त्याचाही ग्राफ काढा, डोळ्यांना सरळ दिसणारी रेषा त्या ग्राफमध्ये हसऱ्या तोंडासारखी वाकलेली निघते बऱ्याचदा.

कन्व्हेक्शनची चूक नेहमी एकाच दिशेने जाते हे लक्षात ठेवा. ते सुरू झालं की तार कमी तापते, उतार कमी होतो, कंडक्टिव्हिटी खोटी जास्त दिसते. तापमान वाढवलं की द्रव पातळ होतो, कन्व्हेक्शन आणखी सोपं, म्हणून तापमानाबरोबर कंडक्टिव्हिटी जोरात वाढली असं दिसलं तर आधी इथे शंका घ्या. ओळखायचा सोपा उपाय म्हणजे पॉवर दुप्पट करून परत मोजा, कंडक्टिव्हिटी तीच आली पाहिजे, वाढली तर कन्व्हेक्शन शिरलंय. आणखी एक मजेशीर गोष्ट, नॅनोफ्लुइड घट्ट असल्यामुळे त्यात कन्व्हेक्शन पाण्यापेक्षा उशिरा सुरू होतं, त्यामुळे दोन्ही मोजण्या बिघडल्या तर पाण्याची जास्त बिघडते आणि खरी वाढही झाकली जाते. चूक दोन्हीकडून मारते.

बुडबुडे पण बघा. सोनिकेशननंतर द्रवात हवा असते, तारेवर एक बारीक बुडबुडा बसला तरी तिथली तार जास्त तापते. सॅंपल थोडा वेळ व्हॅक्यूममध्ये ठेवून हवा काढा, पण फार वेळ ठेवलं तर पाणी उडतं, परत वजन करा.

सुई प्रोब वापरत असाल तर

बहुतेक कॉलेज लॅबमध्ये तारेऐवजी तयार सुई प्रोब असतो, बटण दाबलं की आकडा स्क्रीनवर. सोय चांगली आहे पण त्यांची अचूकता बऱ्याचदा ५ टक्क्यांच्या आसपास सांगितलेली असते, म्हणजे ३ टक्क्यांचा परिणाम त्यात एकट्या रीडिंगवर दिसतो असं म्हणणंच बरोबर नाही, भरपूर रीडिंग घेऊन आणि कोऱ्या नमुन्याशी आलटून पालटून मोजूनच काही बोलता येईल. सुई एकदम उभी लावा, तिरकी झाली की कन्व्हेक्शन वाढतं. पंखा, एसी, स्टरर, वॉटर बाथचा पंप, रीडिंग चालू असताना सगळं बंद, कारण टेबलाच्या थरथरीनेसुद्धा पाण्यातलं रीडिंग वर जातं. दोन रीडिंगमध्ये किमान १५ मिनिटं जाऊ द्या, आधीच्या रीडिंगची उष्णता विरायला वेळ लागतो.

उपकरण कुठलंही असो, नॅनोफ्लुइडला हात लावायच्या आधी ओळखीच्या द्रवांवर तपासा. २५ डिग्रीला पाणी ०.६०७, टोल्यूइन ०.१३१, ग्लिसरीन साधारण ०.२९. ग्लिसरीन खूप घट्ट असल्यामुळे त्यात कन्व्हेक्शन होतच नाही म्हणा, त्यामुळे ग्लिसरीन बरोबर येतंय आणि पाणी जास्त येतंय असं झालं तर दोष कुठे आहे ते लगेच कळतं. टोल्यूइन ज्वालाग्राही आहे, हूडमध्येच. तापमान वॉटर बाथने धरा आणि थर्मामीटर बाथमध्ये नाही, सॅंपलमध्ये ठेवा. ०.१ डिग्रीपर्यंत स्थिर झाल्यावरच बटण दाबा.

आकडा आला, आता पुढे

मॅक्सवेलशी ताडून बघा. वरचा भाग: केपी + २ केएफ + २ फाय (केपी − केएफ). खालचा भाग: केपी + २ केएफ − फाय (केपी − केएफ). केपी कणाची कंडक्टिव्हिटी, केएफ द्रवाची, फाय व्हॉल्यूमचा अंश. वरच्याला खालच्याने भागलं की किती पट वाढ अपेक्षित आहे ते मिळतं. ॲल्युमिनाला ३५ आणि पाण्याला ०.६०७ धरलं तर १ टक्क्याला १.०२९ आणि ३ टक्क्यांना १.०८८ येतं. गंमत अशी की ॲल्युमिनाच्या जागी दहापट चांगला वाहक, तांबं घातलं तरी १ टक्क्याला आकडा १.०३ च्या आसपासच राहतो, कारण कण द्रवापेक्षा बराच चांगला वाहक असला की त्यापुढे अडथळा कणाचा नसून मधल्या द्रवाचा असतो, आणि उत्तर १ अधिक ३ फाय एवढ्यावर येऊन थांबतं. महागडी पावडर घ्यायच्या आधी हे गणित करून बघा, खरंच.

तुमचा आकडा मॅक्सवेलपेक्षा थोडा कमी आला तर कण आणि द्रव यांच्या सीमेवरचा उष्णतेचा अडथळा, ज्याला कापित्झा रेझिस्टन्स म्हणतात, ते कारण असू शकतं, कण जितका लहान तितका त्याचा त्रास जास्त. जास्त आला तर आधी कणांचा आकार बघा, नॅनोट्यूबसारखे लांब कण किंवा गोल कणांच्या लांबलचक साखळ्या उष्णतेला सरळ रस्ता देतात आणि मॅक्सवेलचं गोल कणांचं गणित त्यांना लागू पडत नाही. तसं काही नसेल आणि तरीही वाढ २०-३० टक्के येतेय तर उत्साहाने लिहायला बसण्याआधी तापमान, कन्व्हेक्शन, पाण्याची वाफ, वजन हे सगळं परत तपासा, आणि जमलं तर दुसऱ्या पद्धतीच्या उपकरणावर तेच सॅंपल मोजून घ्या. मोजून झाल्यावर डीएलएस पुन्हा करा, मोजणीच्या वेळात गुठळ्या वाढल्या का ते कळतं. सॅंपल संपलं की सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या डब्यात लेबल लावून घातक कचऱ्यात द्या.

आणि व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा घट्टपणा, त्याच दिवशी त्याच सॅंपलवर मोजा, नंतर नाही. आइन्स्टाइनच्या सूत्राने १ टक्का कणांनी ती २.५ टक्के वाढायला हवी पण गुठळ्यांमुळे प्रत्यक्षात बऱ्याचदा कितीतरी जास्त वाढते, कारण गुठळी आपल्या पोटात पाणी अडकवून ठेवते आणि द्रवाला ती तिच्या खऱ्या घन भागापेक्षा मोठी भासते. पाइपमधून लॅमिनार (शांत, थराथराच्या) फ्लोने कूलिंग करायचं असेल तर ढोबळ हिशेब असा आहे की व्हिस्कॉसिटीची टक्केवारी वाढ कंडक्टिव्हिटीच्या वाढीच्या चारपटीच्या आत असेल तरच नॅनोफ्लुइड बेस फ्लुइडपेक्षा फायद्याचं. म्हणजे तुमची कंडक्टिव्हिटी ३ टक्के वाढली आणि व्हिस्कॉसिटी १५ टक्के, तर पंपाला जास्तीची मेहनत पडते आणि उष्णतेत मिळालेलं सगळं तिथेच जातं, तिथे कणांचा डोस कमी करा किंवा डिस्पर्शन सुधारून गुठळ्या फोडा आणि दोन्ही परत मोजा.